कातडीचा तुकडा आणि सोळा कलमी कार्यक्रम

डॉक्टर फेलोमिना देगाला ही आमच्या कापिझच्या किनाऱ्यावर खेकडे विकणाऱ्या तासिंगची मुलगी. लहानपणी माझ्या नाटकमंडळीत ती गर्दीतली कोळीण व्हायची. तोंडी एक वाक्य नसायचं, पण उभं केलं तिथून पडदा पडेपर्यंत हलायची नाही. मोठ्यांना नकार देणं तिला कधी जमलंच नाही. आता ती पेशींवरच्या ताणाचा अभ्यास करते. विषय घरचाच म्हणायचा.

आमच्या बेटावर एक आजार आहे. तो आईकडून येतो आणि मुलग्यांना धरतो. चाळिशीच्या सुमाराला मान पिळवटते, मग पाय, मग जीभ. आम्ही त्याला लुबाग म्हणतो, आणि तो शेजाऱ्याच्याच घराण्यात आहे असंही म्हणतो.

"नोंग बेर्तो," फेलोमिना मला थोरल्या भावाचा मान देऊन सांगायची, "ताण आला की पेशी आधी जास्त राबते. कचरा आतल्या आत साठवते. मग एक दिवस कोसळते. या घराण्यांतल्या मेंदूच्या पेशी इतक्या लवकर का दमतात, ते मला शोधायचंय."

"आणि तोवर हसतमुख?"

"अगदी आपल्यासारख्या."

त्यासाठी तिला कालवांची शेती करणाऱ्या आन्सेल्मोच्या कातडीचा तुकडा हवा होता. त्यातून म्हणे मेंदूच्या पेशी वाढवता येतात. आन्सेल्मो सात वर्षं ऐकेना. "मागे परदेशी डॉक्टर आले, रक्त नेलं, टोपी देऊन गेले. टोपी फाटली, उत्तर आलं नाही." पण यंदा त्याची मुलगी निल्दा गरोदर राहिली, आणि तो वाकड्या मानेने म्हणाला, "नातवासाठी देतो. पण एकदाच. पुन्हा सुई घेऊन आलीस तर दार उघडणार नाही."

बुधवारी सकाळी नऊला तुकडा काढला आणि बर्फाच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पवित्र आठवड्याची सुट्टी. इलोइलोच्या प्रयोगशाळेला चार दिवस कुलूप. शेवटची व्हॅन दोनला. ती चुकली की पेशी मेल्या.

पण आमच्याकडे कार्यक्रमाशिवाय साधा नळही सुरू होत नाही. गावच्या कप्तानांनी, म्हणजे आमच्या सरपंचांनी, मंचामागे फलक लावला होता. त्यावर त्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, आजाराचं नाव तिळाएवढं. सोळा कलमं होती. सूत्रसंचालक अर्थात मी. माइक दिसला की माझे पाय आपोआप चालू लागतात.

कप्तान साडेअकराला उगवले. प्रार्थना, राष्ट्रगीत, शिक्षिकांचं नृत्य, पाहुण्यांची ओळख, मग ओळख करून देणाऱ्याची ओळख. पावणेदोन वाजले तरी आम्ही नवव्या कलमावर! मी तीन कलमं गाळू पाहिली, तर कप्तानांच्या चिटणीसबाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"बंधूंनो, लुबाग लागट नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही!" कप्तान गरजले. "या गावाला त्याची भीती नाही!" टाळ्या पडल्या. मग ते फेलोमिनाकडे वळले. "इंदाय, पोरी, उघड ते झाकण. फोटोत आतलं दिसू दे."

"कॅप, ऊन लागलं तर..."

"मिनिटभराचं तर काम!"

तिचा हात झाकणावर गेला. पोरगी उघडणार होती!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आन्सेल्मो उठला. एक पाय ओढत मंचावर चढला. "कातडं माझं आहे, कॅप," तो जड जिभेने म्हणाला, आणि त्याने पेटी उचलून छातीशी धरली.

कप्तान तीन पावलं मागे सरले आणि फलकावरच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर आदळले. आन्सेल्मो खाली उतरला तशी खुर्च्या सरकवत सगळी गर्दी दुभंगली. चाळीस वर्षं रंगभूमीवर घालवून मला अशी वाट कधी मिळाली नाही.

"घाबरू नका," आन्सेल्मो दोन्ही बाजूंना सांगत होता, "लागट नाही, आत्ताच जाहीर झालंय."

मागून फेलोमिना, प्रत्येक रांगेला "माफ करा, माफ करा" म्हणत. व्हॅन सुटता सुटता त्याने पेटी तिच्या मांडीवर ठेवली.

"जगल्या तर कळव. मेल्या तरी कळव."

इकडे तिचं मानपत्र तिच्या वतीने मी घेतलं, आणि दोन शब्दही बोललो. वीस मिनिटं.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी निरोप आला: पेशी जिवंत आहेत, वाढताहेत, पुढे त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी करून त्यांना थोडा थोडा ताण देऊन पाहणार, उत्तराला वर्षं लागतील, खोटं सांगत नाही. निल्दाने तो वडिलांना दोनदा वाचून दाखवला.

आन्सेल्मो बराच वेळ कालवं फोडत राहिला. मग म्हणाला, "तिला लिही, ताण जरा जपून दे म्हणावं."