भोंग्यावरची पांढरी टोपी

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो — योगायोग. आजही तेच म्हणावंसं वाटतं. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो... जमेल तसं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. सध्या टोकियोत मास्टर्स करतो. मंजिरीकाकू मूळच्या पुण्याच्या, आता कावासाकीला असतात. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ओळख झाली. गेल्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "काकांना सुट्टी नाही, लेकीला माझ्याबरोबर फिरायची लाज वाटते. तू तरी चल."

सकाळच्या ट्रेनने आम्ही टोकियोशेजारच्या चिबा प्रांताच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका लहान गावी गेलो. नाव मुद्दाम देत नाही. बंद दुकानं, वाळत घातलेली मासळी, आणि धक्क्यावर आम्ही दोघंच. काकूंनी डब्यातून थालीपीठ काढलं आणि खांबावरचा भोंगा वाजला.

इथल्या गावांत नगरपालिकेचे असे भोंगे असतात. त्सुनामीची सूचना त्यावरूनच देतात, आणि कुणी म्हातारं माणूस हरवलं तर त्याचं वर्णनही.

"काय म्हणतायत रे? घुमतं नुसतं, मला काही कळत नाही."

मी सांगत गेलो. "सकाळपासून एक वृद्ध गृहस्थ घरी परतलेले नाहीत... पांढरी टोपी, तपकिरी स्वेटर... डाव्या पायाने लंगडत चालतात..."

तिथे थांबलो. हे आबांचं वर्णन होतं — माझ्या वडिलांचं. तो स्वेटर मीच इथून नेला होता. वर्षभरापासून त्यांना विसर पडायला लागला होता.

"अरे, इथल्या निम्म्या आजोबांचं वर्णन आहे हे," काकू म्हणाल्या. बरोबरच होतं. तरी मी घरी फोन लावला. ताईने उचलला.

"आबा कुठायत?"

"उजाडायच्या आधीच बाहेर पडलेत. सगळीकडं बघितलं, सापडंनात. पण तुला कुणी सांगितलं?"

"शेताकडच्या कालव्याकडं बघितलं का?"

"माणसं गेल्यात... रात्रीच पाणी सुटलंय रे." ती रडायला लागली आणि फोन कट झाला.

पुढे मी असं का केलं, माहीत नाही. धक्क्याच्या टोकाला गेलो आणि समुद्राकडे तोंड करून ओरडलो, "आबा, तिथंच थांबा! पुढं जाऊ नका!"

रस्त्यापलीकडे मासळी उलटत बसलेली एक आजी वळून बघायला लागली. काकू धावत आल्या. "हळू रे! इथे लोक शिंकले तरी सॉरी म्हणतात." पण माझा हात त्यांनी सोडला नाही.

थालीपीठ तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने भोंगा परत वाजला. हरवलेले गृहस्थ सुखरूप सापडले, सहकार्याबद्दल आभार.

"बघ, सापडले."

"ते इथले, काकू."

"असू देत. सापडले ना?"

आम्ही स्टेशनकडे निघालो तेव्हा ताईचा फोन आला. आबा कालव्याच्या अगदी कडेला उभे होते. एक चप्पल पाण्यात गेलेली. तिने फोन त्यांच्याकडे दिला.

"आबा, तिकडं कशाला गेलात?"

"शेताकडं चाललो होतो, वाट चुकली." मग चिडून म्हणाले, "आणि तूच वरडलास न्हवं, तिथंच थांबा म्हणून? कवाधरनं उभा हाय. पाय दुखाय लागलं माझं!"

ओरडताना फोन कट झालेला होता. काकूही तेच सांगतात. ताईशी मी त्या ओरडण्याबद्दल बोललोही नव्हतो.

आबांना आता तो दिवस आठवत नाही. भोंग्यावर कोणाचं वर्णन होतं आणि माझी हाक कुठे पोचली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण हल्ली फोनवर बोलून झालं की मी म्हणतो, "आबा, आता घरात जा." ते आत गेले असं ताईने सांगितल्यावरच फोन ठेवतो.