चिंचेत घासलेलं ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड चिंचेने घासून धुवायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. आणि मी ते घासून धुतलं, हे आजवर दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि तुमसरच्या गजूभाऊला तर नाहीच नाही (खरं म्हणजे त्यालाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं). चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा तोंड उघडतोय.

भंडाऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. आता बहुतेक माल स्टीलचा, पण पाटीवर अजून पितळच आहे. मी बोलायला तसा कमी. गिऱ्हाईक भांडं उचलतं, मी भाव सांगतो, गिऱ्हाईक भांडं परत ठेवतं. एवढंच माझं दिवसभराचं संभाषण. "याइच्या तोंडातून शब्द काढाचा असन तं पक्कड घेऊन या," असं अर्चना, म्हणजे माझी बायको, माहेरच्या माणसांना सांगते. मी त्यावरही काही बोलत नाही.

आमची प्राची बारावी झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दोन वर्षं गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले होते. तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर बनवायचा होता. "बनवायचा" हा मला बसलेला पहिला धक्का. हा कॉम्प्युटर म्हणे विकत आणत नाहीत, सुटे भाग आणून घरी जोडतात. दुसरा धक्का असा, की त्यातल्या एकाच भागाला जवळजवळ अर्धे पैसे लागतात.

"हे ग्राफिक्स कार्ड करते काय?" मी विचारलं.

"गेममधलं चित्र काढते बाबा."

"आन् बाकीचा कॉम्प्युटर?"

"तो त्याले मदत करते."

आमच्या घरातही साधारण हीच व्यवस्था असल्याने मी पुढे काही विचारलं नाही.

पण पोरगी माझ्यासारखी नव्हती. तिने दुकानातलं एक लांब रजिस्टर घेतलं आणि महिनाभर त्यात तक्ता मांडला. चौदा कार्डं. किंमत, मेमरी, वीज किती खाणार, गरम किती होणार. आणि शेवटच्या रकान्यात, रुपयामागे काम किती. मी तो तक्ता पाहिला आणि मला एक मोठीच चूक दिसली.

"यात वजन कुठी आहे?"

"कशाचं?"

"कार्डाचं."

"बाबा! कार्ड वजनावर नाही घेत!"

आता काय सांगू? आमच्या धंद्यात वस्तू हातात घ्यायची, तोलायची, टिचकी मारून आवाज ऐकायचा. हलकं ते फसवं, ही माझ्या वडिलांची शिकवण. (त्यांनी सोयरिकीसुद्धा याच पद्धतीने जुळवल्या. अर्चनाला हे सांगू नका.)

प्राचीच्या तक्त्यात पहिला नंबर आला तो एका जुन्या कार्डाचा. तुमसरला गजूभाऊचं गेमिंग कॅफे होतं, ते बंद होऊन राहिलं होतं. तिथलं कार्ड निम्म्या भावात मिळणार होतं. तिने आंधळेपणाने ठरवलं नाही. व्हिडिओ कॉल करून गजूभाऊला तासभर ते चालवायला लावलं, किती तापतं ते दर दहा मिनिटांनी लिहून घेतलं. मी तीस वर्षांत एक कुकरसुद्धा इतका तपासून विकला नाही.

बुधवारी मला दुकानाच्या कामाने तुमसरला जायचंच होतं. कार्ड आणायची जबाबदारी माझ्यावर आली. प्राची मैत्रिणीबरोबर बाकीचे भाग आणायला नागपूरला गेली. मी दुपारी घरी आलो, अर्चना शेजारी गेलेली, घरात मी आणि ते खोकं. मी खोकं उघडलं.

आणि हादरलो!

आत, पंख्यांच्या मागे, चांगल्या बोटाएवढ्या तांब्याच्या नळ्या होत्या. अस्सल तांबं! आणि काळंकुट्ट! वर धूळ. पोरीची पहिली मोठी खरेदी, बाप भांड्याचा व्यापारी, आणि तिच्या हातात काजळी धरलेलं तांबं द्यायचं? म्हणजे लग्नात जळकं गंज-पातेलं आंदण देण्यासारखं झालं.

मी फार विचार केला नाही. स्वयंपाकघरातून चिंच घेतली, भिजवली, मीठ घातलं, जुना टूथब्रश घेतला. नळ्या घासल्या. एका कडेला सोनेरी दात होते, तेही घासले. मग नळाखाली धरलं. चांगलं दहा मिनिटं धरलं, कारण चिंचेचा अंश राहिला तर तांबं पुन्हा काळं पडतं (हे मला माहीत होतं, बघा!). मग गच्चीवर अर्चनाच्या कुरड्यांशेजारी वाळत ठेवलं. भंडाऱ्याचं मे महिन्यातलं ऊन. चार वाजेस्तोवर कुरडई टण्ण आणि कार्डही टण्ण. तांबं असं झळकत होतं, की मी त्यात पाहून भांग पाडला.

ते पुसून खोक्यात ठेवलं आणि ठरवलं, बोलायचं नाही. काम बोलेल.

पाच वाजता प्राची आली, खोकं उघडलं आणि ओरडली, "बाबा! येवढं चकाचक? गजूभाऊनं भल्लाच जपून ठेवलं जी!"

मी नुसता हसलो. श्रेय गजूभाऊच्या खात्यावर गेलं. माझ्या पापाची सुरुवात अशी नम्रतेतून झाली.

सहा वाजता सगळे भाग जोडून तयार. शेजारचे चक्कीवाले विलासभाऊ पिठाने पांढरे झालेले तसेच पाहायला आले. अर्चना हळदकुंकू, नारळ आणि पाण्याचा गडवा घेऊन आली. तशी प्राची तीरासारखी उठली.

"आई! पानी दूर! एक थेंब गेला तं कार्ड खलास!"

"एक... थेंब?" हे मी विचारलं.

"हाव न बाबा. हाताचा घामसुद्धा नाही लागला पाहिजे."

दहा मिनिटं! नळाखाली! ऊन लागलं ते वरून. आत, त्या पंख्यांच्या पोटात काय असेल? कुरडईसुद्धा वरून वाळते आणि आत ओली राहते, हे अर्चना दरवर्षी सांगते.

"प्राची..." मी म्हणालो.

मी आपणहून बोलतोय म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. विलासभाऊंनी तर फोडायला घेतलेला नारळ खाली ठेवला.

"काय बाबा?"

आता सांगायचं. बस, तीन शब्द: मी कार्ड धुतलं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "पंखा लावू का?"

"लावा न," प्राची म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

लाल-निळे दिवे लागले. अर्चनाने हात जोडले. कार्डाचा एक पंखा कटकट, कटकट करायला लागला. पडद्यावर निळी रेघ चमकली. आणि मग वास आला.

"कोनाच्या घरी आंबट वरन करपून राहिलं वं?" अर्चना म्हणाली.

विलासभाऊंनी नाक वर केलं. "वरन नाही वहिनी. चिंचेचा सार आहे. फोडनी बी पडली वाटते."

फोडणी पडली होती. कार्डातून धुराची एक बारीक, सुवासिक रेघ निघाली आणि सगळे दिवे गेले.

प्राची रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने रजिस्टर उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक रकाना वाचत गेली. "कुठी चुकली मी?" ती हळूच म्हणाली. "बाबा, कुठी चुकली?"

आणि तेव्हा मी, ज्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, तो मी, कोणी न विचारता पूर्ण वाक्य बोललो. "जुनं सामान असंच असते बेटा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कमी बोलणाऱ्याची हीच तर भानगड आहे. तो बोलला की लोकांना ते खरं वाटतं!

पुढच्या आठवड्यात प्राचीने कार्ड नागपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. मी बरोबर गेलो, पुरावा कुठवर गेलाय ते पाहायला. त्याने पंखा उघडला, चिमटा आत घातला आणि काहीतरी बाहेर काढून उजेडात धरलं. अर्धा चिंचोका!

"ये क्या है अंकल?" त्याने मला विचारलं. मलाच काहून? दुकानात तीन माणसं होती!

"कॅफेत पोट्टे चिंचा खात असतीन," मी म्हणालो. हे माझं त्या महिन्यातलं दुसरं वाक्य.

प्राचीने तिथूनच गजूभाऊला फोन लावला, स्पीकरवर. "दादा, तुमच्या कार्डात चिंचोका निघाला."

"चिंचोका? ताई, माया कॅफेत पान्याची बाटली बी बाहेर ठेवाले लावत होतो मी! पोरासारखं जपलं त्या कार्डाले!"

"मग आला कुठून?"

मी छताकडे पाहत होतो. मग गजूभाऊ म्हणाला, "पोट्टे लपून खात असतीन, ताई. चूक मायीच आहे. मीच ध्यान नाही देल्लं."

आणि चौथ्या दिवशी तुमसरहून टेम्पो आला. आत कॅफेतली एक खुर्ची. लाल-काळी, मानेला उशी, बाजूला दांडा, विमानात शोभेल अशी. सोबत चिठ्ठी: "ताई, नाराज नको होऊ. हे ठेवून घे."

प्राची म्हणाली, त्या माणसाची वस्तू तिला डोळ्यासमोर नको. म्हणून खुर्ची दुकानात आली. गल्ल्यावर. तिच्यावर मी बसतो. चार वर्षं, रोज सकाळी दहा ते रात्री आठ, हंडे-कळशांच्या मधोमध, एका निर्दोष माणसाच्या माफीवर मी बूड टेकून बसलेलो आहे. पाठ दुखायची थांबली. मन मात्र रोज ठणकतं.

कार्ड मात्र मी नवं आणून दिलं. नागपूरच्या दुकानात पाच ठेवली होती, एकेक हातावर तोललं आणि सगळ्यात जड होतं ते घेतलं. प्राचीच्या तक्त्यात ते शेवटून दुसरं होतं. ते तिच्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून कॅबिनेट मोठं आणलं. त्याला वीज पुरेना, म्हणून वीज पुरवणारा डबाही मोठा आणला. पण ते चाललं! न चालून करतं काय? त्याला कोणी धुतलंच नव्हतं.

झालं. विलासभाऊंनी चक्कीवर दळणाबरोबर ही बातमीही वाटली. "पोरीनं महिनाभर अभ्यास केला, जळलं. बापानं हातात घेतलं, चाललं!" लोक मला विचारायला येऊ लागले. जवळच्या कारध्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. "काका, याले आठ जीबीचं घेऊन देऊ का बारा?" मी गंभीरपणे विचारलं, "जड कोनतं आहे?" त्यांनी वाकून नमस्कार केला.

हे सगळं मी हसत पचवलं असतं. पण प्राचीने तक्ते मांडणं सोडलं. कॉलेजची शाखा: "बाबा, तुमीच सांगा." मोबाइल: "बाबा, तुमीच." चपलासुद्धा मला फोटो पाठवून विचारते. जी पोरगी चौदा कार्डांना उभं करून जाब विचारत होती, ती आता चपलेला घाबरते.

परवा कॉलेजच्या गावाहून तिचा फोन आला. दोन नोकऱ्या चालून आल्यात, एक नागपुरात, एक पुण्यात. रविवारपर्यंत कळवायचं आहे.

"तक्ता केला का?" मी विचारलं.

"केला, किती वर्षांनी. पुन्याची पहिली आली."

"मग?"

"मग काय बाबा? माया तक्त्यात पहिल्या नंबरवर येते तेच जळते. तुमी म्हणान ते करतो. तुमचा हात चांगला आहे."

मला असा धक्का बसला, की हात खुर्चीच्या दांड्यावर पडला. पाठ धाडकन मागे गेली. मी आडवा! पाय वर, कानाशी फोन, वर टांगलेल्या बादल्या. गिऱ्हाईक बाई वाकून म्हणाली, "अजी, झोपले का जी?"

"बाबा? ऐकून राहिले न?"

"सांगतो," मी झोपल्या झोपल्या म्हणालो आणि फोन ठेवला.

ते जळकं कार्ड मी टाकलं नाही. दुकानात काचेच्या कपाटात मागे ठेवलंय. तांबं अजून तसंच झळकतं. इतका चांगला हात माझा पुन्हा कधी लागला नाही. परवाच एकाने त्याचा भाव विचारला.

प्राची शनिवारी येतेय. तिला सांगायचं वाक्य मी पाठ केलंय: तुझी निवड बरोबर होती बेटा, कार्ड मी धुतलं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तोंडातून "पंखा लावू का" आलं.

गजूभाऊची खुर्ची मात्र काल काट्यावर घातली. अठरा किलो भरली, माल उत्तम आहे. शुक्रवारी टेम्पोने तुमसरला जाईल, चिंचोका कोणाचा होता ते लिहिलेल्या चिठ्ठीसकट. प्राचीचं वाक्य अजून माझ्याकडेच आहे.