तक्त्यात नसलेली नर्सरी

'आज ऊन फार आहे' एवढं साधं वाक्य ज्याला सहन होत नाही, असा सबंध नागपुरात एकच माणूस होता, तो म्हणजे आमच्या फळबाग विभागातले आकडेवाले सर. "कोणत्या दिवसापेक्षा गा?" ते लगेच विचारत. कॅन्टीनचा चहा पातळ म्हटला, तर आधी कोणाचा चहा प्रमाण धरायचा यावर चर्चा, आणि तोवर चहा गार. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे 'पोरगी उंच आहे' म्हणाले, तेव्हा "कोण्या पोरीपेक्षा?" असं विचारून त्यांनी जुळत आलेलं लग्न मोडत आणलं होतं. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे कलम जगेल की मरेल याची शक्यता काढायचं गणित, शिकवताना ते जमिनीवर पाय आपटून सांगत, "संदर्भ गट म्हणजे ही जमीन. बाकीच्यांची उंची इथून मोजायची. जमिनीची उंची कोणी लिहिते काय?" मी मान डोलावत असे.

समजलं मात्र नव्हतं. चार नर्सऱ्यांची संत्र्याची कलमं जगली की मेली, याचा तक्ता सरांनी माझ्याकडे दिला. त्यात तीनच नावं, तिन्हींपुढे उणे चिन्ह. नरखेडकडच्या एका बाईंची नर्सरी कुठेच नव्हती. बाकीच्या तिन्हींची तुलना तिच्याशीच केलेली, म्हणून तिची ओळ नव्हती. आणि उणे चिन्ह म्हणजे त्यांची कलमं तिच्यापेक्षा कमी जगणारी. हे न कळल्यामुळे मी तिच्यापुढे 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून सर्वांत चांगली नर्सरी शिफारशीतून वगळली. यादी गावोगाव गेली. त्या हंगामात बाईंकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही.

कळल्यावर सर रागावले नाहीत. दुरुस्त यादी काढून मला एसटीनं बाईंकडे घेऊन गेले. न विकलेली कलमं ओळीनं उभी होती. सर म्हणाले, "ताई, चूक माझी. तक्त्याखाली संदर्भ लिहायचा राहिला."

"तुमचं लिहायचं राहिलं न् माझा हंगाम गेला ना जी!"

सरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. परतताना म्हणाले, "माझ्या निवृत्तीले चार महिने राहिले, तुले बारा वर्षं नोकरी करायची हाय. गप बस." मी गप्प बसलो. याची लाज अजून जात नाही.

मागच्या आठवड्यात बाई ऑफिसात आल्या. यादीत नाव आल्यापासून धंदा बरा चाललाय. धीर करून म्हणालो, "ताई, ती चूक माझी होती."

"मले तवाच समजलं होतं. रडकं तोंड तर तुमचं होतं. पण सरांले सांगू नका बाप्पा. किती मनापासून खोटं बोलले बिचारे!"

निवृत्त झालेल्या सरांचा रविवारी फोन येतो. बाईंचा राग गेला का, हे ते हमखास विचारतात. 'गेला,' म्हणतो मी. पलीकडे ते हलकेच हसतात, आणि पुढचं काही मला बोलवत नाही.