साडीच्या मधोमध

आमच्या घरात नवीन कापड किंवा पिशवी आली की बाई आधी खाटेवर चढायची आणि ती वरून खाली सोडायची. कशी उतरते ते बघायची. मगच ती वस्तू वापरात. लग्नानंतर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बायको खुळी मिळाली.

बाई म्हणजे माझी बायको, विमल. तळेघरच्या वरच्या वाडीत शाळेवर होती, म्हणून सगळे तिला बाई म्हणायचे. मीही. मी चौथी नापास, मंचरच्या बाजारात बटाट्याची पोती उचलणारा. लोक म्हणायचे, जोडा जमला नाही. लोकांच्या तोंडात माती.

पोरांना ती पॅराशूट करायला शिकवायची. कागदाचा नाहीतर पिशवीचा चौकोन घ्यायचा, टोकाला टोक जुळवून तीनदा घडी घालायची आणि निमुळतं टोक धरून वरची कड कापायची. उघडलं की आठ कोन! आठ कोनांना आठ दोरे, सगळे एका मापाचे. "एक दोरा आखूड राहिला की सगळं त्याच्याकडं कलंडतं," ती सांगायची. "आई लाडक्या पोराकडं कलंडते, तसं." खाली ओझं म्हणून मी आणलेला बटाटा. त्याला ती पावणं म्हणायची. "पावणं सुखरूप उतरलं पायजे. फुटलं तर पुन्हा करायचं."

मधोमध भोक मात्र हवंच. हातातली बांगडी काढून मध्यावर ठेवायची, पेन्सिल फिरवायची आणि तेवढं कापायचं. "हवेला जायला वाट नाही दिली, तर ती काठानं निसटते आन् पावण्याला झुलवून आपटते." मी घरी आदळआपट केली की म्हणायची, "थांबा, तुमच्या टाळूलाबी भोक पाडते. सगळं आत कोंडून ठेवता."

"पाड की. कात्री तुझ्याकडंच हाय."

मग हसायची.

रिटायर झाली तरी दर शनिवारी एसटीनं वर वाडीच्या शाळेत जायची. पोरांना तिनं कबूल केलं होतं, "सुट्टी लागायच्या आत माझ्या जांभळ्या साडीचं मोठं पॅराशूट करू, टेकाडावरून सोडू." त्याआधीच तिच्या छातीत पाणी झालं. पोरांना हवा शिकवणारी बाई, तिला शेवटी हवाच पुरली नाही. मी उशाशी बसून होतो. नुसता बसून.

सून म्हणाली, "आबा, साड्या वाटून टाकू का?" बाकीच्या दिल्या. जांभळीला अजून बाईचा वास होता, ती ठेवली. पण तिनं पोरांना शब्द दिला होता. एका शनिवारी साडी आणि पिशवीभर बटाटे घेऊन मी एसटीत बसलो.

वाडीत पोरं जमली. पारू नावाची धीट पोरगी पुढं आली. "बाबा, खरंच कापायची?"

"कडा कापा. मधे कात्री लावायची नाय."

"पण बाई तर म्हणायच्या..."

"नाय म्हणलं ना!"

पोरं कामाला लागली. साडीचा चौकोन, आठ कोन, आठ दोरे, सगळं रीतसर केलं त्यांनी. टेकाडावर चढून साडी मी सोडली. फुगली, आणि लगेच झुलायला लागली, दारुड्यासारखी. बटाटा खडकावर जाऊन आपटला. एरवी पोरं "पावणं फुटलं!" म्हणून नाचली असती. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पारू तुकडे गोळा करत बसली.

मी खाली आलो. साडी मातीत पडली होती, ती झटकली. पोरांकडून घडी घालून घेतली, मध्य काढला. आता बांगडी हवी होती. बाईच्या बांगड्या तिच्याबरोबर गेल्या. पारूनं आपली हिरवी बांगडी काढून ठेवली. "ल्हान हाय बाबा माझी. चालंल का?"

"चालंल."

कात्री मी घेतली. कापडाला लावली आणि पोरांदेखत रडलो, मोठ्यानं. बाई गेल्यापासून तोवर रडलो नव्हतो. कुणी समजूत घातली नाही ते बरं झालं. गोल तेवढा कापून पुरा केला.

दुसऱ्या खेपेला साडी सरळ उतरली. हळू, जराही न हलता. खालून पारूनं बटाटा उचलून दाखवला. "बाबा, पावणं सुखरूप!"

साडी शाळेतच ठेवली. मधला गोल तुकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. त्याला आता माझ्या घामाचा वास लागलाय. तिचा गेला.