मातीचे पिंड

घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लहान मुलांच्या मनाबद्दल लिहिणं हा आगाऊपणाच आहे, क्षमा करावी. पण झेंडूचा वास आला की ती दुपार आठवते. माझी चुलती वारली तेव्हा तिची मुलगी पाच वर्षांची होती. रामकुंडावर दहाव्याला कावळा शिवेना. "पोरांना अंतर देणार नाय," असं काका म्हणाले तेव्हा शिवला. मुलगी सगळं बघत होती, पण आई गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. काही दिवसांनी मळ्यात गेलो, तर झेंडूच्या वाफ्याजवळ तिने ओल्या मातीचे पिंड मांडले होते आणि तिचा धाकटा भाऊ हात पसरून, कावळा होऊन बांधावर बसला होता. तो झेपावला तशी ती ओरडली, "थांब रे, इतक्यात नाय शिवायचं!" मी पुढे न जाता ऐकत राहिलो. तिने हात जोडले. "आई, मी बाळाला मारणार नाय. तू जा आता." "काव!" म्हणत भावाने पिंडाला नाक लावलं. तेवढ्यात माझी आई धावत आली. "कार्टे, असला अभद्र खेळ खेळतात का?" म्हणत तिने पोरीला धपाटा घातला, आणि पोर पुन्हा मुकी झाली. तशीच तिला देवळ्याला तिच्या मामाकडे पाठवलं. खेळातूनच मूल न झेपणारं समजून घेतं, हे वर्गात शिकताना मला तिचीच काळजी वाटायची. गेल्या दिवाळीत तिचे मामा आले. मी भीतभीतच विचारलं, "बोलते का?" ते हसले. "बोलते का काय विचारतो! अंगणात पोरं जमवून रोज शाळा भरवते, बाई तीच. आम्ही मध्ये बोललो तर आम्हालाच कोपऱ्यात उभं करते!"