बांधीतलं पाणी आणि आमची लिंक

धरमपेठेतल्या ऑफिसात बसून भंडारा रोडकडच्या धानावर दात ओठ खाणारा माणूस मी एकटाच असेन. आमची मायक्रोवेव्ह लिंक त्या शेतांवरून पलीकडच्या टॉवरला जायची आणि आषाढात रोज मरायची. लहरी सरळ जातातच. काही मात्र खाली येऊन जमिनीवरून उसळतात आणि उशिरा टॉवरवरच्या त्याच तबकडीत शिरतात. एकाच दाराला दोन भावांनी दोन बाजूंनी रेटावं, तसं होतं. दार हलत नाही.

सर्व्हे आम्ही मे महिन्यात केला होता. तेव्हा तिथे ढेकळं होती, आणि ढेकळं लहरी उधळून लावतात. पावसाळ्यात तिथे पाणी साचवून धान रोवतात आणि साचलेलं पाणी आरशासारखं लहरी परतवतं, हे आम्हा हुशारांना सुचलंच नाही.

"तबकडी खाली घ्याची परवानगी याले दोन महिने लागते," साहेब म्हणाले. "तू शेताचं पाहून घे."

गेलो. चहूबाजूंनी बांध घातलेल्या बांधीतल्या निवांत पाण्यात आमचा टॉवर उलटा उभा होता. मालकीणबाईंचा रोवणा आदल्याच दिवशी संपला होता. आठ दिवस पावसानं दडी मारलेली. होतं ते एवढंच पाणी.

"मावशी, दोन दिवस पाणी सोडून द्या न. सिग्नल पडून राहिला."

"काहून सोडू? तुमची तबकडी खाली घ्या न गा!"

आमच्या पुस्तकातही हाच उपाय आहे. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

त्या जेवायला घरी गेल्या आणि मी बुटानं बांध फोडला. पाणी भळाभळा नाल्यात गेलं. खाली रोवणाऱ्या बायांच्या पावलांचे खड्डे उघडे पडले. तासाभरात साहेबांचा फोन: "आली लिंक! शाबास!" मी एकटाच बांधावर उभा राहून येड्यासारखा हसलो.

मावशी परतल्या. खाली बसून हातानं फट लिंपू लागल्या. तेव्हा कुठे मला लाज वाटली. मीही वाकून चिखल लावू लागलो. आत अडवायला पाणी उरलंच नव्हतं, तरी आम्ही दोघं बांध लिंपत होतो.

"आला सिग्नल?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मंग लाव वरतं फोन. म्हणाव, पाणी धाड."