भिकुबाईची गोणी

निंबखेड्यात वाचनालय बांधायचं ठरलं ते कानबाई देवीच्या रोटांच्या पंगतीत. चाळीसगावहून धुळ्याला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. श्रावणातल्या त्या सणाला सुरत, नाशिक, पुणे इथे पांगलेली माणसं गावात परततात. भाऊबंदकी एका घरी जमते, आणि जेवणं उरकत आली की गावाच्या गोष्टी निघतात.

त्या वर्षी तोतारामनानांच्या घरी कानबाई बसली होती. पोरांना स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला जागा नाही, पोरींना तर धुळ्याला खोली करून राहावं लागतं, असा विषय निघाला. ग्रामपंचायतीची जागा होती, पण बांधायला पैसा नव्हता. वर्गणी कशी लावायची यावर बराच काथ्याकूट झाला. कोणी म्हणालं जमिनीवर लावा, कोणी म्हणालं घरावर. शेवटी नानांनी हात वर केला.

"आपला रोटना हिशोब लावा. पुरुषामागं सिमेंटनी एक गोणी. गिनती बठ्ठासले माहीत शे, कोन्ही कुरकुर करानी नही."

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात तो असाच. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला असो की सुरतेच्या कारखान्यातला. कोणत्या घरात किती मुठी, हे भाऊबंदकीत सगळ्यांना तोंडपाठ. इतका सोपा हिशेब दुसरा नव्हता.

"नाना, आमना घरवर सात गोण्या!" भूषण पंगतीतून ओरडला. "हाई त पोरे जास्त व्हयनात त्यानी सजा शे!"

सगळी पंगत हसली. आत वरण वाढून घेणारी भिकुबाईही हसली. हसता हसता तिने मनातल्या मनात आपल्या घराची एक गोणी धरली. तिच्या घरातून रोटांसाठी मूठ जाणं नवरा गेला तेव्हाच थांबलं होतं, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नाही.

तिचा नवरा उखर्डू चाळीसगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन होता. पाळी संपली की मालकाच्या कचेरीतलं वाचून झालेलं वर्तमानपत्र घडी करून पिशवीत घालायचा. संध्याकाळी भिकुबाई चुलीपुढे भाकरी थापायची आणि तो उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायचा. कापसाचा भाव, केळीचा भाव, मुख्यमंत्र्यांचं भाषण, कोणाचा अपघात, सगळं एकाच सुरात. शेवटी निधनवार्ता. त्या वाचल्याशिवाय पेपर मिटायचा नाही. "बिचारा लोके," म्हणायचा, "त्यास्नंबी कोन्ही वाचाले पाहिजे."

तो गेला आणि घरातला आवाज गेला. मुलगी रूपाली सुरतेला दिलेली. फोन करायची, पण तिच्या फोनमागे दोन मुलं आणि कुकरची शिट्टी असायची. बोलणं व्हायच्या आत "आई, ठेवते" व्हायचं. भिकुबाई स्वतः चौथी शिकलेली, अक्षर न अक्षर वाचता यायचं. पण पेपर गावात यायचा तो फक्त स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, आणि तिथे बाईमाणूस बसत नाही. किराणा बांधून आलेला कागद ती उलटून पालटून वाचायची. बातमी निम्मी फाटलेली असली की उरलेली कुठे गेली असेल, याचा रात्री निजेपर्यंत विचार करायची.

म्हणून वाचनालय व्हावं, असं तिला गावातल्या पोरांपेक्षाही जास्त वाटत होतं. तिथे पेपर येईल. तिथे माणसं असतील. आपल्या घराची गोणी त्यात असली, तर आपण हक्काने जाऊन बसू.

पंचमंडळी वर्गणीला निघाली. भिकुबाईने सकाळीच अंगण सारवलं, कपबशा धुऊन ठेवल्या. मंडळी शेजारच्या घरी आली, चहा प्याली, बाहेर पडली आणि तिच्या दारावरून पुढच्या घरी गेली. तिला वाटलं, परतताना येतील. परतताना त्यांनी मागची गल्ली धरली.

दोन दिवस तिने वाट पाहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती नानांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. नाना तिचे चुलत थोरले दीर.

"नाना, तुम्ही बठ्ठासकडे गयात. मनं घर ऱ्हाई गयं."

"ऱ्हाई नही गयं, बाई. तुले माफ शे. तू एकटी. तुना कडथून काय लेवानं?"

"मी देस ना, नाना."

"आनी कोणा नाववर देशी? उखर्डू त गया." नाना मायेनेच बोलले. "तू कायजी करू नको. गाव शे ना."

नानांनी तिच्यावर उपकार केला होता, आणि उपकाराशी भांडता येत नाही. वाटेत द्रौपदाबाई भेटली. तीही विधवा, तिचंही घर असंच सोडलेलं.

"माफ शे ते सोनं शे, बाई," द्रौपदाबाई म्हणाली. "मी त हात जोडी लिधा. तुले कसानी हौस? पोथ्या वाचीसन मास्तरीन व्हसी का?"

"पेपर वाचसू," भिकुबाई म्हणाली.

"पेपर! काय लिखेल ऱ्हास त्यामा? भाव वाढनात, मानसं मरनात!"

भिकुबाईकडे उन्हाळ्यात केलेल्या बिबड्यांचे पैसे होते. ज्वारीच्या पिठाचे ते पापड ती घरोघरी करून द्यायची. ती चाळीसगावला गेली, सिमेंटची एक गोणी घेतली आणि हमालाकडून काळीपिवळी जीपपर्यंत आणली. जीपवाला छगन ओळखीचा.

"अक्का, तुनं एक तिकीट, गोणीनं एक."

"गोणी काय सीटवर बसस का?"

"बसाडी दे खिडकीजोडे. हवा खाई बिचारी!"

जीपभर हसू पिकलं. बऱ्याच दिवसांनी भिकुबाई माणसांच्या घोळक्यात मधोमध बसली होती, आणि हसण्याचा विषय तिचा होता. तिला बरं वाटलं. पायाशी गोणी होती. तिने दोन्ही तिकिटांचे पैसे दिले.

बांधकामावर भूषण गोण्या उतरवून घेत होता. प्रत्येक गोणीवर तो खडूने घराचं नाव टाकायचा आणि ताडपत्रीखाली रचायचा.

"काकू, कोणा घरनी लिखू?"

"मना घरनी."

भूषणचा खडू हातातच राहिला. त्याने नानांना फोन लावला, दोनदा "हा, हा" केलं आणि फोन खिशात टाकला. "नाना म्हणतस, बाजूले ठेव. बैठकमा इचारसूत."

गोणी बाजूला ठेवली गेली. हिशेबात नसलेली वस्तू ताडपत्रीखाली कशी रचणार? ती भिंतीच्या कडेला उघड्यावर राहिली. पुढे दोन-तीन बैठका झाल्या. खिडक्या कोणत्या बाजूला, पंखे किती, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, सगळं निघालं. गोणीचा विषय निघाला नाही. भूषण विसरला, नाना विसरले. भिकुबाई विसरली नाही, पण बैठकीत बाया बसत नसत. भादव्यात पावसाने झड धरली, तेव्हा एका संध्याकाळी ती जुनं प्लास्टिक घेऊन तिथे गेली आणि गोणी झाकून आली. पण पाणी खालून शिरायचं तसं शिरलंच.

स्लॅब पडला त्या दिवशी सिमेंट कमी पडलं. गवंड्याला कडेची गोणी दिसली. त्याने फावड्याचा दांडा मारून पाहिला. दगडावर मारल्यासारखा आवाज आला.

"ही गोणी मेली," गवंडी म्हणाला. भूषणने मोटारसायकल काढली आणि तालुक्याहून नव्या गोण्या आणल्या. मेलेली गोणी दोघांनी लोटत लोटत अंगणातल्या निंबाखाली नेऊन टाकली.

हिवाळ्यात वाचनालय उघडलं. दाराशेजारी काळ्या फरशीवर घरोघरची नावं कोरलेली होती, नावापुढे गोण्यांचा आकडा. उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर भिकुबाईने फरशी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आपलं नाव नाही हे माहीत असूनही वाचली.

मग एका दुपारी ती आत गेली. कोणी अडवलं नाही. किल्ली सांभाळणारी दिपमाला स्वतः तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने हसून खुर्ची दाखवली आणि पुन्हा पुस्तकात मान घातली. आठ-दहा मुलं-मुली बसली होती, कानात इअरफोनची बोंडं घालून, माना खाली. भिंतीवर पाटी होती : शांतता राखा. भिकुबाईने पेपर उघडला. पान उलटताना एवढा आवाज झाला, की ती पुढचं पान उलटायला बिचकली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की ही शांतता तिला चांगली ओळखीची आहे. घरी जी असते तीच. फक्त इथे उजेड जास्त होता.

तिने दिपमालेला हळूच विचारलं, पेपर बाहेर नेला तर चालेल का. दिपमाला म्हणाली, "अंगणात न्या काकू. फक्त संध्याकाळी परत ठेवा."

निंबाखाली बसायला एकच जागा होती. भिकुबाई दगड झालेल्या गोणीवर बसली आणि ओठांनी वाचू लागली. मग थोडं मोठ्याने. कापूस. केळी. मंत्र्याचं भाषण. रोज दुपारी, घरचं आवरलं की.

एकदा नाना काठी टेकत तिकडून जात होते. ते थांबले. त्यांचं लक्ष गोणीकडे गेलं. मळकं पोतं फाटून आतला राखाडी दगड दिसत होता.

"फुकट गई ना गोणी, बाई," ते ओशाळून म्हणाले.

"फुकट कशी, नाना? बसाले व्हयनी."

नानांनी केळीचा भाव विचारला. तिने वाचला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून नानांना अक्षर लागत नव्हतं. "उखर्डू असाच वाचे," ते म्हणाले. ते आणखी काही बोलतील असं तिला वाटलं. पण नातवाने हाक मारली आणि ते गेले. निधनवार्ता तिने एकटीनेच वाचल्या.

उन्हाळा लागला तसे पंखे सुरू झाले आणि विजेचं बिल फुगलं. पंचायतीने सांगितलं, ज्यांचं त्यांनी बघावं. वाचायला येणाऱ्या पोरांनी आपसात ठरवलं, की दर वाचकामागे महिन्याला वीस रुपये काढायचे. घरं, पुरुष, भाऊबंदकी असलं काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

दिवेलागणीला भिकुबाईची कडी वाजली. दारात दिपमाला उभी.

"काकू, लाइटबिलाचे वीस रुपये. तुमचे राहिलेत."

"मना?" भिकुबाई म्हणाली. "मी त बाहेर बसस. पंख्याखाली बसस नही."

"बाहेर बसता, पण पेपर वाचता ना? मग द्या. नाहीतर मुलं म्हणतील, काकूंना फुकट."

भिकुबाईने डब्यातून वीसची नोट काढली, हातावर घासून सरळ केली आणि दिली. "बस ना, च्या करस."

"नको काकू, अजून चार घरं बाकी आहेत."

दिपमाला गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत येत राहिला, मग तोही थांबला. भिकुबाईने चूल पेटवली, एकटीपुरतं पीठ घेतलं. डास आत येत होते तरी त्या संध्याकाळी तिने भाकरी होईपर्यंत दार लोटलं नाही.